भरतीची रेषा

माझे बालपण देशावर गेले. आमच्याकडे शेताची हद्द म्हणजे बांध, आणि बांधाच्या टोकाला पुरलेला मोजणीचा दगड. तो दगड कोणी रात्रीतून हलवला, तर भाऊबंदकी, डोकेफोड आणि दोन पिढ्या चालणारे दावे ठरलेलेच. पण दगड हलवणारा माणूसच असे. जमीन आपण होऊन हलते, असे आमच्या गावात कोणी ऐकले नव्हते. पुढे मी सरकारी नोकरीत शिरलो तो हीच समजूत बरोबर घेऊन. जमीन ही जगातली सर्वांत स्थिर वस्तू. ती मोजावी, तिचा नकाशा काढावा, नकाशावर सही करावी, आणि मग निश्चिंत व्हावे.

या समजुतीचा निरोप घेण्याची पाळी माझ्यावर आली ती कोकणातल्या एका खाडीकाठच्या तालुक्यात. त्या गोष्टीला आता पंधराएक वर्षे झाली. आज मी जे बोलणार आहे त्याची सुरुवात त्या गोष्टीपासून करतो. कारण तीत चूक माझी आहे, आणि दुसऱ्याच्या चुकांवर भाषण करण्यापेक्षा स्वतःच्या चुकीवर केलेले बरे.

खाडीच्या काठी एक खाजण होते. खाजण म्हणजे भरतीचे पाणी जिथे पसरते आणि ओहोटीला जिथून निथळते अशी चिखलाची सखल जमीन. त्याच्या एका अंगाला जुना मातीचा बांध, आणि बांधापलीकडे भातशेती. कोकणात अशा बांधांनी समुद्राच्या हातून सोडवून घेतलेली पुष्कळ शेती आहे. तिला खारभूमी म्हणतात. बांधाला जागोजागी उघाड्या असतात. पावसाचे गोडे पाणी ओहोटीच्या वेळी त्यांतून बाहेर जाते आणि भरतीला त्यांची दारे मिटून खारे पाणी बाहेर अडते. या खाजणाच्या एका पट्ट्यावर भराव घालण्यासंबंधीचे एक प्रकरण होते. त्यासाठी स्थळपाहणीचा अहवाल हवा होता, आणि तो देण्याचे काम माझ्याकडे आले.

मी दुपारी बाराच्या सुमारास तेथे पोहोचलो. ऊन रणरणत होते. पाणी दूर खाडीच्या मध्याशी एका निरुंद पट्ट्यात वाहत होते. पायाखालचा चिखल वरून वाळला होता आणि त्याला भेगा पडल्या होत्या. इकडेतिकडे कमरेएवढी झाडे उभी होती. मी टिपण केले: ‘जागा पाहिली. जमीन कोरडी आहे. पाण्याचा वावर दिसत नाही. तुरळक झुडुपे आहेत.’ जवळच बांधावर एक म्हातारा शेतकरी उभा होता. माझे टिपण संपेपर्यंत तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “सायेब, आज भांग हाय. पाणी बघायचं तर आवसेला या.”

भांग म्हणजे काय, हे मला तेव्हा माहीत नव्हते. विचारण्याइतका वेळही मी काढला नाही. मी मान डोलावली, गाडीत बसलो, आणि संध्याकाळी अहवालावर सही केली.

आता भांग म्हणजे काय ते सांगतो. अमावस्येला आणि पौर्णिमेला सूर्य व चंद्र यांचे आकर्षण एकाच ओळीत येते आणि भरती मोठी होते. तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास ती दोन आकर्षणे एकमेकांशी काटकोनात येतात, आणि भरती दुबळी पडते, ते भांग. शिवाय भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. आपल्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा एक जुना ठोकताळा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, म्हणजे भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे भरती पहाटे सहाला, आणि पुन्हा संध्याकाळी सहाच्या सुमारास. अर्थात त्या दिवशी दुपारी बाराला ओहोटी. अमावस्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. खाडीत आत शिरायला पाण्याला थोडा उशीर लागतो तो धरला, की भर बाराला भरती, आणि तीही उधाणाची.

मी गेलो होतो तो दिवस अष्टमीचा होता. तीच जागा, तीच दुपारची वेळ, मध्ये फक्त सात दिवसांचे अंतर. आणि साक्ष मात्र अगदी उलट. त्या अमावस्येला मी दुपारी बाराला गेलो असतो, तर ज्या जमिनीला मी ‘कोरडी’ म्हटले तिच्यावर मला उभे राहता आले नसते. माझ्या अहवालातले एकही वाक्य खोटे नव्हते. तरी तो सगळा अहवाल असत्य होता.

आणि ती ‘तुरळक झुडुपे’! ती तिवराची झाडे होती. तिवराचे झाड चिखलातून आपली मुळे बोटांसारखी वर काढते आणि त्यांच्या वाटे श्वास घेते. कारण त्या चिखलात हवा नसते. मुळांतून शिरलेले मीठ ते पानांवाटे बाहेर टाकते. त्याच्या भाऊबंदांत कांदळ आहे. त्याचे बी झाडावरच रुजते, आणि रुजलेले रोप मग चिखलात पडते. चिप्पी आहे, तिच्यातल्या पांढऱ्या चिप्पीला २०२० साली महाराष्ट्राचे राज्य कांदळवन वृक्ष म्हणून मान मिळाला. या झाडांच्या मुळांच्या जाळ्यात कोळंबीची आणि माशांची पिल्ले वाढतात, चिखल स्थिरावतो, आणि लाटेचा जोर मोडतो. हे सगळे मला पुढे वाचून कळले. पाहताना मला दिसली ती झुडुपे. ज्या वस्तूचे नाव आपल्याला ठाऊक नाही तिचे मरण आपल्या हातून फार सहज घडते.

भराव झाला. पुढच्या पावसाळ्यात एका अमावस्येला उधाण आणि मुसळधार पाऊस एकत्र आले. खाडीचे जे पाणी पूर्वी खाजणात पसरून शांत होत असे, त्याला पसरायला जागा उरली नव्हती. ते बांधाशी आले, चढले, आणि बांधाला खांड पडली. बांधापलीकडच्या भातशेतीत खारे पाणी शिरले. खारे पाणी एकदा शेतात बसले की पावसाने मीठ धुऊन निघेपर्यंत दोन-तीन वर्षे त्या जमिनीत धड पीक येत नाही. नुकसानीचा पंचनामा करायला अर्थातच मी गेलो. तो म्हातारा शेतकरी तेथे होता. त्याचे शेत त्या खांडीच्या अगदी समोर होते. तो मला काही बोलला नाही. त्याने वाकून शेतातले पाणी ओंजळीत घेतले, माझ्यापुढे धरले, आणि म्हणाला, “चव बघा.”

मी बघितली. पंचनाम्यावर सही केली. अहवालावरही माझीच सही होती, आणि पंचनाम्यावरही माझीच. नंतर मी वरिष्ठांना एक पुरवणी टिपण पाठवले, आणि माझी आधीची पाहणी अष्टमीच्या ओहोटीत झाल्याचे तीत नमूद केले. ते दप्तरात दाखल झाले. भराव मात्र तेथून उठला नाही.

श्रोतेहो, ही गोष्ट मी पश्चात्ताप प्रकट करण्यासाठी सांगितली नाही. तिच्यातून निघणारा प्रश्न माझ्या एका तालुक्याचा नाही, आपल्या सगळ्या किनाऱ्याचा आहे. निसर्गाचे रक्षण करायचे तर आधी त्याच्यावर नजर ठेवावी लागते, आणि नजर ठेवणे म्हणजे एकदा जाऊन पाहणे नव्हे.

आपल्या देशाच्या किनाऱ्याची लांबी किती, हा प्रश्न शाळेत आपण सर्वांनी सोडवला आहे. ७,५१६ किलोमीटर, हे उत्तर आपल्याला पाठ आहे. ते उत्तर आता बदलले. नव्याने, अधिक बारकाईने मोजणी झाली तेव्हा ही लांबी ११,०९८ किलोमीटरांवर गेली. समुद्राने आपल्याला नवी जमीन बहाल केली म्हणून ही वाढ झाली नाही. पूर्वीच्या लहान प्रमाणाच्या नकाशात जी खाडी, जे वळण, जे आखात सरळ रेषेत बुजून गेले होते ते मोठ्या प्रमाणाच्या नकाशात उमटले, एवढेच. माप बारीक झाले तसा किनारा लांब झाला. यातून एक धडा घेण्याजोगा आहे. आपण जेवढे बारकाईने पाहतो, तेवढेच आपल्याला राखता येते. उपग्रहाच्या चित्रांवरून आपल्याकडे जी वनांची मोजदाद होते, तिच्या २०२१ च्या अहवालात महाराष्ट्रात ३२४ चौरस किलोमीटर कांदळवन दाखवले आहे. हा आकडा मोलाचा आहे. परंतु एक हेक्टरपेक्षा लहान तुकडा त्या नकाशावर सहसा उमटत नाही. माझ्या खाजणातला पट्टा त्याहून लहान होता. आकाशातल्या डोळ्याला तो दिसला नसता. बांधावरच्या म्हाताऱ्याला मात्र तो रोज दिसत होता.

बारकाईइतकेच सातत्याला महत्त्व आहे. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ सालापासून समुद्राची पातळी मोजली जात आहे. हिंदी महासागराच्या काठी इतक्या दीर्घ काळाच्या नोंदी फार थोड्या ठिकाणी आहेत. रोजच्या भरतीत जे पाणी काही मीटर वरखाली होते, त्याच्या पातळीत वर्षाला एखाददुसऱ्या मिलिमीटरचा फरक पडतो आहे की नाही, हे डोळ्यांनी कोण सांगणार? ते सांगता येते फक्त शंभर-शंभर वर्षांच्या वह्या एकापुढे एक ठेवून. जगभरच्या अशा नोंदींवरून आज आपल्याला कळते की १९०१ ते २०१८ या काळात सागराची सरासरी पातळी सुमारे वीस सेंटिमीटर वाढली. आणि २००६ नंतरच्या बारा वर्षांत वाढीचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर, म्हणजे गेल्या शतकाच्या पूर्वार्धातल्या वेगाच्या दुपटीहून अधिक झाला.

नोंदीचे सातत्य जपणे म्हणजे काय, याचे एक सुंदर उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर आहे. मुंबईला कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी एकोणिसाव्या शतकापासून होत असत. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या आणायचे ठरले. विजेच्या प्रवाहाने चुंबकाच्या नोंदी बिघडणार हे उघड होते. वेधशाळेचे संचालक तेव्हा नानाभाई मूस होते. त्या पदावर आलेले ते पहिले भारतीय. त्यांनी ही वेधशाळा १९०४ साली अलिबागला हलवली. पण जुनी बंद करून नवी सुरू केली, असे केले नाही. दोन वर्षे कुलाब्याला आणि अलिबागला एकाच वेळी नोंदी घेतल्या, दोहोंतला फरक निश्चित केला, आणि मगच कुलाब्याचे काम थांबवले. त्यामुळे पूर्वीच्या साठ वर्षांच्या वह्या वाया गेल्या नाहीत. पुढच्या नोंदी त्यांना जोडता आल्या. एका ट्रामगाडीसाठी केवढा हा खटाटोप, असे कोणी म्हणेल. पण नोंदीची साखळी एकदा तुटली की ती कोणत्याही अनुदानाने सांधता येत नाही.

आता कायद्याकडे वळू. १९८१ च्या नोव्हेंबरात पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीच्या पाण्यापासून ५०० मीटरांपर्यंतचा किनारा मोकळा राखण्याविषयी कळवले. पुढे १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा झाला, आणि त्याच्या आधारे १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना निघाली. २०११ साली आणि पुन्हा २०१९ साली ती नव्याने निघाली. या तिन्ही अधिसूचनांचा सगळा डोलारा एका रेषेवर उभा आहे. ती रेषा भरतीची: उधाणाचे पाणी जमिनीवर जास्तीत जास्त जेथवर येते ती. तिच्यापासून किती मीटरांत काय करावे आणि काय करू नये, हे कायदा सांगतो. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागात बांधकामाला मनाई असलेला पट्टा २०० मीटरांवरून ५० मीटरांवर आणला. म्हणजे रेषा जितकी अचूक, तितके तिचे महत्त्व पूर्वीपेक्षा अधिक झाले. पन्नास मीटरांच्या पट्ट्यात दहा मीटरांची चूक म्हणजे पाचवा हिस्सा.

आणि ही रेषा स्थिर नाही. आपल्या किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातल्या उपग्रहचित्रांवरून मुख्य भूमीच्या किनाऱ्याचा अभ्यास केला. सुमारे एकतृतीयांश किनारा झिजतो आहे, चौथ्या हिश्शाहून थोडा अधिक वाढतो आहे, आणि उरलेला कमीअधिक स्थिर आहे, असे त्यातून दिसले. देशावरच्या माझ्या गावात मोजणीचा दगड माणूस हलवीत असे. येथे दगड जागीच राहतो आणि जमीन निघून जाते.

रक्षणाचा उपयोग काय, असे विचारणारेही असतात. त्यांना ओडिशाकडे बोट दाखवावे. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे हजारो माणसे दगावली. पुढे केंद्रापाडा जिल्ह्यातल्या गावांचा अभ्यास झाला, तेव्हा असे आढळले की समुद्र आणि गाव यांच्यामध्ये जेथे कांदळवनाचा पट्टा रुंद राहिला होता तेथे मृत्यू कमी झाले. मी ज्यांना झुडुपे म्हटले, त्यांचा हिशेब असा माणसांच्या जिवांत मांडता येतो. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली राज्यभरातल्या कांदळवनांच्या तोडीला मनाई केली, २०१८ साली त्या मनाईवर अंतिम शिक्कामोर्तब केले, आणि २०१२ पासून वनखात्यात कांदळवनांसाठी स्वतंत्र कक्ष आहे.

आणि नजर ठेवून वेळीच उपाय केला तर बिघडलेले सुधारते, याचे उदाहरणही ओडिशातच आहे. चिल्का सरोवराला समुद्राशी जोडणारी वाट गाळाने भरत गेली. सरोवराचे पाणी गोडे होऊ लागले, पाणवेली माजल्या, मासळी घटली. १९९३ साली त्याचे नाव जगातल्या धोक्यात आलेल्या पाणथळ जागांच्या यादीत गेले. पाण्याचा खारेपणा, प्रवाह आणि गाळ यांचा अभ्यास करून २००० च्या सप्टेंबरात समुद्राकडे नवे मुख उघडण्यात आले. दोन वर्षांत मासळी अनेक पटींनी वाढली, आणि २००२ साली चिल्काचे नाव त्या यादीतून काढण्यात आले. रोगाचे निदान आधी आणि शस्त्रक्रिया नंतर, हा क्रम तेथे पाळला गेला.

पण ही सगळी मोठी कामे सरकारची आणि शास्त्रज्ञांची, आपण काय करणार, असे कोणी म्हणू नये. रत्नागिरी जिल्ह्यातले वेळास हे लहान गाव घ्या. तेथल्या पुळणीवर कासवे अंडी घालीत, आणि ती अंडी चोरीला जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांच्या साहाय्याने घरटी राखायला आरंभ केला. राखायची म्हणजे रोज पहाटे पुळण चालायची, घरटे सापडले तर तारीख, अंड्यांची संख्या आणि पुढे निघालेल्या पिल्लांची संख्या वहीत मांडायची. हे काम कोकणातल्या अनेक गावांत पसरले. या चालण्याचे फळ कसे असते पाहा: २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर शास्त्रज्ञांनी एका कासविणीच्या पंखाला क्रमांकाची खूण अडकवली होती. तीच कासवीण २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या पुळणीवर अंडी घालताना आढळली. पूर्व किनाऱ्याची कासवे निराळी आणि पश्चिम किनाऱ्याची निराळी, ही समजूत एका रात्रीत डळमळली. ओडिशात कोणी खूण केली नसती, आणि गुहागरला त्या रात्री कोणी जागे नसते, तर समुद्राने ही गोष्ट आपल्याला सांगितली नसती.

यावरून माझ्या मनात तीन साध्या गोष्टी येतात. पहिली, किनाऱ्यावरच्या प्रत्येक पाहणीच्या कागदावर तारीख आणि घड्याळाची वेळ यांच्याबरोबर तिथी आणि भरतीची वेळही लिहिली जावी, आणि उधाणाची पाहणी झाल्यावाचून ती पाहणी पुरी समजू नये. दुसरी, गावाच्या शाळेने एक जागा निवडावी; पुळणीवरचा एक खांब, खाडीकाठची एक विहीर. विहिरीचे पाणी खारे होते आहे का, खांबापासून पाणी किती अंतरावर आले, हे महिन्यातून दोनदा, अमावस्येला आणि पौर्णिमेला, मुलांनी वहीत लिहावे. ही वही दहा वर्षे चालली, तर तिच्याएवढा मोलाचा कागद त्या तालुक्याच्या दप्तरात दुसरा नसेल. तिसरी, ही नोंद कुलपात ठेवू नये. चावडीच्या भिंतीवर लावावी, म्हणजे बांधावरच्या म्हाताऱ्याला ती वाचता येईल, आणि चुकली असेल तर दुरुस्तही करता येईल.

ज्यांच्या गावी समुद्र नाही अशा श्रोत्यांना हे सगळे परके वाटेल. पण ज्यांच्याकडे समुद्र नाही त्यांच्याकडे नदी आहे, आणि नदीलाही तिची पूररेषा आहे. उन्हाळ्यात पाहिलेली नदी म्हणजे अष्टमीच्या दुपारी पाहिलेली खाडी. पंचगंगेकाठच्या किंवा नर्मदेकाठच्या वृद्ध माणसाला विचारा. पाणी कोणत्या साली देवळाच्या कोणत्या पायरीपर्यंत आले होते, हे तो सांगेल. त्याचे सांगणे लिहून घेणारा कोणीतरी असावा लागतो.

त्या खाडीकाठी मी नंतर दोन-तीनदा गेलो. बांध गावाने पुन्हा बांधला. पनवेलच्या संशोधन केंद्राने काढलेल्या, खारे पाणी सोसणाऱ्या भाताचे बियाणे काहींनी लावले. तिसऱ्या पावसाळ्यानंतर शेत पुन्हा भरले. खाजण मात्र गेले ते गेलेच. शेवटच्या खेपेला मी मुद्दाम अमावस्येची दुपार धरून गेलो होतो. म्हातारा बांधावरच होता. पाणी बांधाच्या माथ्याखाली हातभर अंतरावर येऊन थांबले होते. आम्ही दोघे तेथे उभे राहिलो, आणि ते उतरू लागेपर्यंत हललो नाही. निघताना तो एवढेच म्हणाला, “सायेब, आता लिहा.”